मला, माझ्याकडे आणि ‘हॅव’

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य इतक्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या तोंडी असते की, ते चूक आहे असे सांगणाराच वेडा ठरावा. इंग्रजीचे प्राध्यापक या वाक्याला हसतात. मी पडलो मराठीचा मास्तर. मला त्या वाक्याच्या पोटात आपली मराठीच बसलेली दिसते.

गंमत अशी की, ‘हॅव’ला मराठीत सरळ क्रियापदच नाही. आपण सगळे ‘असणे’वर भागवतो आणि फरक करतो तो अलीकडच्या शब्दात. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे शिवणाचे मशीन आहे. माझ्याजवळ सुटे पैसे आहेत. तिच्या अंगात धीटपणा आहे. ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ म्हणून पाहा. ते बिचारे तुमच्या बिऱ्हाडी राहायला आलेले वाटतील! नाते, वस्तू, खिशातली चिल्लर आणि अंगचा गुण यांची ही बारीक वाटणी इंग्रजीला ठाऊक नाही. तिथे सगळ्यांना मिळून एकच ‘हॅव’. मला वाटते, आपल्याला शेवटचे ‘आहे’ सोडवत नाही. ते ‘ॲम’ किंवा ‘इज’ होऊन आत शिरते आणि मग ‘हॅव’ला ‘इंग’चे शेपूट लावावे लागते.

खूण सोपी आहे. नुसते ‘असणे’ सांगायचे तर साधे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘शी हॅज अ फीवर’. काही चाललेले असेल, म्हणजे चहा, जेवण, आंघोळ, तर ‘वुई आर हॅविंग टी’ बिनदिक्कत म्हणावे.

आमच्या ओळखीच्या एक आजी मुलाकडे परदेशी गेल्या होत्या. शेजारीणबाईंनी घरी कोण कोण म्हणून विचारले. आजी कौतुकाने म्हणाल्या, ‘माय डॉटर-इन-लॉ इज हॅविंग अ बेबी.’ नातू आठ महिन्यांचा, पण शेजारीण गाडीच्या किल्ल्या घेऊन धावत आली! कारण या वाक्याचा अर्थ सून बाळंत होते आहे, निदान होणार आहे. ‘हॅज अ बेबी’ म्हटले असते, तर पाळणा दिसला असता. घरात मोठा हशा पिकला. आजींनी मात्र पुढे महिनाभर शेजारणीशी तोंड उघडले नाही. ‘इंग’पेक्षा तो हशा मला जास्त खटकतो. सुनेने पोळ्या लाटता लाटता हळूच सांगितले असते, तर दोन मिनिटांचे काम होते.

दुसरा घोटाळा ‘हॅव टू’चा. ‘मला तुमच्याकडे यायचे आहे’ यात ओढ आहे. ‘यावे लागते आहे’ यात नाइलाज. ‘आय हॅव टू कम टू युवर हाउस’ हे बहुधा दुसऱ्या घरचे वाक्य. यजमानाला वाटेल, याला कोणी धरून आणले? तिथे ‘आय वुड लाइक टू कम’ म्हणावे. ऑफिसला मात्र ‘आय हॅव टू गो’ अगदी चपखल!

आणि परभाषिक पाहुणे फराळाला आले, तर ‘ईट, ईट’ असा आग्रह नको. तो आपल्या ‘खा, खा’चा तर्जुमा, आणि कानाला दरडावल्यासारखा लागतो. ‘प्लीज हॅव अ लाडू’ म्हणा आणि ताटली पुढे करा.