एक्सेलचा मॅक्रो शिकताय? चालवण्याआधी तो वाचायला शिका

भंडारा हा धानाचा जिल्हा. खरिपाची सरकारी धान खरेदी सुरू झाली की याद्यांचं काम वाढतं. शेतकऱ्याचं नाव, गाव, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, बँक खातं, आणलेले क्विंटल असं सगळं नोंदवावं लागतं. अधिकृत नोंदणी ऑनलाइन असली, तरी हिशेब जुळवायला एक्सेल हाताशी लागतंच. एमएस-सीआयटी केलेल्या तरुणांना बेरीज, सॉर्ट, फिल्टर येतं. पुढचा टप्पा म्हणजे मॅक्रो.

मॅक्रो म्हणजे नेमकं काय?

रोज त्याच क्रमाने करायच्या कामांची एक्सेलला दिलेली लेखी सूचना म्हणजे मॅक्रो. १९९३ पासून एक्सेलमध्ये या सूचना व्हीबीए नावाच्या भाषेत लिहिल्या जातात.

नवशिक्यांनी कोड लिहून सुरुवात करायची गरज नाही. 'व्ह्यू' टॅबमध्ये 'मॅक्रोज' आणि त्यात 'रेकॉर्ड मॅक्रो' निवडा, नेहमीचं काम करा, रेकॉर्डिंग थांबवा. ऑल्ट आणि एफ११ दाबलं की एक्सेलने लिहिलेला कोड दिसतो. फाइल मात्र एक्सएलएसएम प्रकारात सेव्ह करावी लागते, नाहीतर कोड जातो.

मग चूक कुठे होते?

समजा, यादीत २०० शेतकरी असताना तुम्ही बेरजेचा मॅक्रो रेकॉर्ड केला. कोडमध्ये 'ओळ २ ते २०१' असं कायमचं लिहिलं गेलं. पुढच्या आठवड्यात यादी २४० वर गेली. मॅक्रो विनातक्रार चालेल, पण शेवटचे ४० शेतकरी हिशेबाबाहेर राहतील आणि कुठलीही सूचना येणार नाही.

२०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. गळालेल्या एका शेतकऱ्याचं धान २० क्विंटल असेल, तर एका ओळीत ४७,३८० रुपये अडकले.

म्हणूनच खरं शिकणं रेकॉर्डिंगनंतर सुरू होतं. कोडमधला ठरावीक आकडा काढून तिथे 'शेवटची भरलेली ओळ शोध' अशी सूचना लिहायची. ही पहिली दुरुस्ती जमली की बाकी कोडही उलगडू लागतो.

फाइल उघडल्यावर लाल पट्टी का येते?

१९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोमधूनच ईमेलद्वारे जगभर पसरला होता. असे हल्ले पुढेही होत राहिले. त्यामुळे २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपोआप रोखायला सुरुवात केली. शेतकऱ्यांची खाती असलेल्या संगणकावर, कोणी पाठवलेल्या फाइलसाठी ही अडवणूक सहज काढून टाकणं धोक्याचं आहे.

एआय कोड लिहून देतो, मग शिकायचं कशाला?

एआयला तुमची यादी कशी वाढते, कुठे रिकामी ओळ असते, हे तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. तो देईल तो कोड बरोबर आहे का, हे तपासायला तो वाचता यायला हवा.

सुरुवात करताना तीन सवयी

- मूळ फाइलची प्रत काढून तिच्यावरच मॅक्रो चालवा. मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने सहसा मागे घेता येत नाही.
- आधी पाच-दहा ओळींवर चालवा. एडिटरमध्ये एफ८ दाबत गेलं की कोड एकेक ओळ पुढे सरकतो.
- शेवटी नावांची संख्या आणि एकूण क्विंटल मूळ यादीशी जुळवा.

मॅक्रोमुळे तासाचं काम मिनिटात होतं. चूकही तितक्याच वेगाने होते, आणि तिची किंमत यादीतल्या शेवटच्या नावाला मोजावी लागते.