चित्रमुद्रणाचा भार

लॅपटॉपवर नुसता खेळ खेळला तर तो सुरळीत चालतो. परंतु त्याच खेळाचे रेकॉर्डिंग सुरू केले की चित्र अडखळू लागते, अशी तक्रार अलीकडे वरचेवर आमच्या कानी येते. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतील मराठी घरांतून ती येते, तेव्हा तिच्यामागे बहुधा हप्त्यांवर घेतलेले यंत्र असते. म्हणूनच आम्ही तिला पोरखेळ म्हणून झटकून टाकीत नाही.

चित्रमुद्रण हे खेळाच्या जोडीला आलेले दुसरे पुरते काम होय. १९२० बाय १०८० आकाराच्या एका चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. अशी ६० चित्रे दर सेकंदाला जशीच्या तशी साठवावयाची म्हटली, तर सेकंदाला सुमारे ३७ कोटी बाइट लागतील. तेव्हा ती तत्क्षणी आकसून लहान करावी लागतात. ओबीएस स्टुडिओ या विनामूल्य प्रणालीत 'एक्स२६४' हा पर्याय निवडलेला असेल, तर हे काम मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडते आणि तो तर आधीच खेळात गुंतलेला! मागावरच्या माणसालाच ताके तपासावयास बसविले, तर धागा तुटलेला त्याला कळावा केव्हा?

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी यावरून अबोला धरण्यापर्यंत पाळी आली होती. वडील लूम्सवर रात्रपाळी करणारे. दुकानदाराने सांगितले, "हे मशीन या कामाचे नाही, दुसरे घ्या." मुलाने मशीन बिघडविले असा वडिलांचा ग्रह, वडिलांनी स्वस्तातले आणले असा मुलाचा. हप्ते तर अजून फिटावयाचे होते. आम्ही मुलाला एवढेच विचारले, "अडखळणे मुद्रण सुरू करताक्षणी दिसते, की दहा-पंधरा मिनिटांनी?" ताबडतोब दिसत असेल तर दोष कामाच्या वाटणीत, उशिरा दिसत असेल तर संशय उष्णतेवर. उत्तर आले, "सर, आधी थोडे, मग फारच."

म्हणजे दोन्ही बाजू पाहणे आले. ओबीएसमध्ये 'स्टॅट्स' नावाची खिडकी आहे, ती फारसे कोणी उघडीत नाही. तीत 'एन्कोडिंग लॅग'चा आकडा वाढत असेल, तर चित्रे आकसण्याचे काम पेलत नाही असे समजावे. या मुलाचा तोच आकडा वाढत होता. एनव्हिडियाच्या चित्रपत्रकांत या कामासाठी २०१२ पासून 'एनव्हेंक' नावाचा स्वतंत्र भाग असतो. इंटेलने 'क्विक सिंक' २०११ मध्येच आणले होते. सेटिंगमध्ये एक्स२६४ ऐवजी एनव्हेंक निवडताच आरंभीचे अडखळणे गेले. याउलट 'रेंडरिंग लॅग' वाढत असता, तर खेळानेच चित्रपत्रक पुरते व्यापले आहे असा त्याचा अर्थ झाला असता. तेव्हा खेळाची गती ६० चित्रांवर बांधावी आणि सजावट एक-दोन पायऱ्या उतरवावी. मुले येथे हिरमुसतात. पण मुद्रण सेकंदाला ६० चित्रांचेच होणार असेल, तर शंभरावर चित्रे घडवून ती दाखवावयाची कोणाला? एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

उष्णतेचे प्रकरण मात्र खास आपल्या सुरतेचे. पत्र्याखालची खोली, वैशाखातील दुपार, आणि लॅपटॉप गादीवर! बहुतेक लॅपटॉप हवा खालून घेतात. गादीने ते झरोके बुजतात. त्यात आसपास माग असले की हवेत बारीक तंतू तरंगत असतात. ते पंख्यामागच्या जाळीत अडकून त्यांचा चक्क नमदा बनतो. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःचा बचाव म्हणून आपली गती आपणच उतरवितो. जाणत्या कारागिराकडून आतील जाळी साफ करून घेतली, तेव्हा बोटभर जाडीचा थर निघाला. फुंकणीची हवा सोडताना पंखा धरून ठेवावा. तो भरधाव फिरू देऊ नये. यंत्र आता लाकडी पाटावर, मागच्या कडेखाली दोन पट्ट्या देऊन ठेवलेले असते. खेळताना चार्जर जोडलेला असतो, कारण बॅटरीवर पुष्कळ यंत्रे आपले बळ आखडतात.

तासभराचे मुद्रण न अडखळता झाले. नव्या यंत्राचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, वडिलांनी सुटीच्या दिवशी ते मुद्रण पाहिले आणि "यात बोलतोस तो तूच का?" एवढेच विचारले, असे मुलाने सांगितले.

एवढे करूनही खेळ अडतच असेल, तर स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, एकच आहे का ते पाहावे. दुसरी जागा रिकामी असल्यास जोडीची पट्टी नव्या लॅपटॉपच्या मानाने फार थोड्या पैशांत बसते. मुद्रण साध्या 'एमपी४'ऐवजी 'एमकेव्ही' प्रकारात साठवावे. यंत्र मध्येच बंद पडले, तरी तोवरचे चित्रण बहुधा हाती राहते.