नगरचा पोर, लंडनचा रेडिओ आणि आपल्या घरातल्या कॅसेटी

रेडिओवर कुणीतरी बोललं, आपण पोट धरून हसलो, आणि कार्यक्रम संपला. त्या हशाचं पुढं काय होतं? बहुतेक वेळा तो हवेत विरतो. पण काही हशे सत्तर वर्षं टिकतात. का टिकतात, हे समजून घ्यायला आज एका विलायती कार्यक्रमाची गोष्ट सांगतो. गोष्ट विलायती असली तरी तिचं एक मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे.

अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हे लष्करी छावणीचं गाव. तिथं १६ एप्रिल १९१८ रोजी इंग्रजी फौजेतल्या एका शिपायाच्या घरी मुलगा जन्मला. त्याचं नाव स्पाइक मिलिगन. त्याचं बालपण पुण्यात आणि रंगूनला गेलं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि तिथं गरिबीतच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात मिलिगन तोफखान्यात होता. इंग्लंडच्या किनाऱ्यावर बेक्सहिल नावाचं गाव आहे, तिथं त्याची तुकडी पहाऱ्यावर होती.

युद्धानंतर मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सिकोम आणि मायकल बेंटीन या चौघांनी मिळून बीबीसीवर विनोदी कार्यक्रम सुरू केला. पहिला भाग २८ मे १९५१ रोजी लागला. हाच पुढं ‘गून शो’ म्हणून गाजला. बेंटीन लवकरच बाहेर पडले आणि तिघे राहिले. तिघांच्या तोंडून डझनभर माणसं बोलायची. सेलर्स एका वाक्यात म्हातारा असे, तर पुढच्या वाक्यात शाळकरी पोर. बहुतेक लेखन मिलिगनचं. दर आठवड्याला नवी संहिता लिहायची, तीही लोकांना हसवणारी! त्या ओझ्याखाली १९५२च्या अखेरीस त्यांचं मन पार कोलमडलं आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. लोकांना हसवणाऱ्या माणसालाही उपचार लागतात, ही गोष्ट आपल्या घरांतही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या मालिकेतला एक भाग फार प्रसिद्ध आहे. मंगळवार, १२ ऑक्टोबर १९५४ रोजी तो प्रथम लागला. नाव ‘द ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर’, आपल्या भाषेत ‘भयंकर पुडिंगफेक्या’. मैदा, अंडी, दूध कालवून भट्टीत भाजतात ते हे पुडिंग. गोष्ट युद्धकाळातली. बेक्सहिल गावात ब्लॅकआउट आहे, दिवा लावायची बंदी आहे, आणि काळोखात कुणीतरी माणसांवर पुडिंग फेकून मारतो. मग त्याचा शोध सुरू होतो. ज्या किनाऱ्यावर मिलिगननी अंधारात शत्रूची वाट पाहिली, तिथंच त्यांनी शत्रूऐवजी पुडिंग आणून ठेवलं. भीतीची अशी टर उडवायला ती भीती स्वतः भोगलेली असावी लागते.

आवाजांसाठीही हा गडी काय वाटेल ते करायचा. काही तरी ओलं थपकन आपटल्याचा आवाज हवा म्हणून त्यांनी बीबीसीच्या कॅन्टीनमधून कस्टर्ड करून घेतलं आणि स्वतःच्या पायमोज्यात भरून आपटलं, असा किस्सा सांगितला जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळात कार्यक्रम जपून ठेवावा असं फारसं कुणाला वाटत नसे. टेप महाग असे. एकदा लागलेला कार्यक्रम पुसायचा आणि त्याच टेपवर दुसरा भरायचा, अशी रीत होती. ‘गून शो’च्या सुरुवातीच्या मालिकांतले बहुतेक भाग असेच नाहीसे झाले. चौथ्या मालिकेतल्या काही संहिता १९५७-५८ साली नटांना पुन्हा उभं करून नव्यानं ध्वनिमुद्रित कराव्या लागल्या.

मग उरलेलं वाचलं कशामुळं? धंद्यामुळं! बीबीसीचा एक विभाग निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या काढून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरदूरच्या रेडिओ केंद्रांना पुरवत असे. तबकडी टेपसारखी पुसून पुन्हा भरता येत नाही, म्हणून त्यावरचं टिकलं. पण या तबकड्यांतही कापाकापी असे. परदेशात कळणार नाही, कुणाला लागेल किंवा वेळेत बसणार नाही असा मजकूर काढून टाकलेला असे. पुढं टेड केंडल नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं वेगवेगळ्या प्रती जुळवून, खरखर काढून, तुटलेले तुकडे जागच्या जागी बसवले. मालिका २८ जानेवारी १९६० रोजी संपली. बीबीसीच्या पन्नाशीनिमित्त १९७२ साली तिघे पुन्हा एकदा जमले, तो भाग त्या वर्षी ५ ऑक्टोबरला लागला. पुडिंगफेक्याची संहिता त्याच साली पुस्तकात छापली गेली. सिकोम २००१ साली आणि मिलिगन २००२ साली गेले. सेलर्स त्याआधीच, १९८० साली. माणसं गेली, पण त्यांचे आवाज बीबीसीच्या जुन्या कार्यक्रमांच्या वाहिनीवर पुन्हापुन्हा लागत आले.

एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. याच कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी नावाचे दोन हिंदी बाबू आहेत आणि त्यांच्या बोलण्याच्या ढबीवर हशा पिकवलेला आहे. ज्या मातीत मिलिगन जन्मले, तिथल्या माणसांचीच ही नक्कल. आपण हसावं, पण कुणाला हसतो आहोत हेही पाहावं. आपल्या बोलीला, आपल्या नावांना लोक हसले, ते दिवस आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहेत.

आपल्याकडंही रेडिओनं असंच घर केलं होतं. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावोजी म्हणजे घरातलीच माणसं. १९६३ साली सांगली आकाशवाणी सुरू झाली आणि आपल्या कोल्हापूर भागाला जवळचं केंद्र मिळालं. गडमुडशिंगीत काय किंवा गोकुळ शिरगावात काय, पाळी करून आलेल्या माणसाला रेडिओसाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे. भाकरी थापतानाही तो ऐकता येई.

पण आपला सगळा ठेवा रेडिओवर आलाच नाही. वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) गावोगाव फिरले, रात्र रात्र गायले. त्यातल्या किती रात्री कुणी टेप केल्या? जे उरलं ते पुस्तकांत, लोकांच्या तोंडी आणि कुणाच्या तरी ट्रंकेतल्या कॅसेटीत. बाबासाहेबांची बीबीसीनं १९५५ साली घेतलेली मुलाखत आज आपली नातवंडं मोबाईलवर ऐकतात, ती कुणीतरी जपली म्हणूनच. बीबीसीनं जपावं असं मोठं नाव प्रत्येकाचं नसतं. आपल्या आजीची ओवी, वस्तीतल्या भजनी मंडळाचं गाणं, आजोबांनी सांगितलेली गिरणीतली गंमत हे जपायला लंडनहून कुणी येणार नाही.

तेव्हा घरात जुन्या कॅसेटी असतील तर एवढं करा. कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं भरलं जाणार नाही. बुरशी दिसली तर तशीच वाजवू नका, टेप तुटते. जाणकाराकडून साफ करून घ्या. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यातल्या लोहचुंबकानं आवाज खराब होतो. वाजते तोवर मोबाईलमध्ये किंवा संगणकात उतरवून घ्या. कुणाचा आवाज, कुठला कार्यक्रम, कोणतं साल हे लिहून ठेवा. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला परकाच. आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं ठेवा. २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर आपल्या जिल्ह्यानं पाहिला आहे. पाण्यात काय काय जातं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि ज्यांच्या घरी कॅसेटच नाही, त्यांच्या घरी म्हातारी माणसं तर आहेत! या रविवारी त्यांच्यापुढं मोबाईल ठेवा, चहा द्या आणि म्हणा, “आजी, तुमच्या लहानपणीची एखादी गंमत सांगा की.” त्या हसतील, तो हशाही भरून घ्या.