अमेरिकेत जनावरं घटली, पण आकाराने वाढली. बीफचं गणित कुठे अडलंय?

अमेरिकेत बर्गरसाठी लागणारा बीफचा खिमा 2025 मध्ये पहिल्यांदाच पौंडाला 6 डॉलरच्या वर गेला. दुष्काळ, महागलेला चारा, मेक्सिकोतून येणाऱ्या जनावरांवरची बंदी ही कारणं तुम्ही वाचली असतील. ती खरी आहेतच. पण या गणितात गाईचा आकार हा मुद्दा मागेच राहतो.

1 जानेवारी 2025 ला अमेरिकेत गाय-बैल-वासरं मिळून 8.67 कोटी जनावरं होती. 1951 नंतरचा हा नीचांक. 1975 मध्ये हाच आकडा 13 कोटींच्या वर होता. तरीही 2022 मध्ये तिथे विक्रमी बीफ तयार झालं. कसं? तर प्रत्येक जनावर मोठं झालं.

जनावराचं वय आणि कमरेच्या हाडापर्यंतची उंची यावरून तिथे 'फ्रेम स्कोअर' काढतात. साधारण दोन इंच उंची वाढली की स्कोअर एकाने वाढतो. उंच जनावराला चरबी उशिरा धरते, त्यामुळे ते जास्त वजनाला कापलं जातं. 1950 च्या दशकात प्रदर्शनांत बुटकी, गोलमटोल जनावरं बक्षिसं मारायची. मग शारोले, सिमेंटाल अशा युरोपीय जाती आल्या आणि 80 च्या दशकात फॅशन थेट उलटली, उंटासारखी उंच जनावरं जिंकू लागली! नंतर उंचीचं वेड ओसरलं, पण वजन वाढतच राहिलं.

यात फायदा कुणाचा? मुख्यतः कत्तलखान्यांचा. एक जनावर कापायला लागणारी माणसं आणि वेळ जवळपास तेवढाच, मग त्यातून जितकं जास्त मांस निघेल तितकं बरं. चार मोठ्या कंपन्यांकडे या बाजाराचा सुमारे 85 टक्के वाटा आहे, त्यामुळे त्यांना हवं तेच खाली झिरपतं. फार बुटक्या वासराला लिलावात भाव कमी मिळतो.

पण गाय वर्षभर पोसतो तो शेतकरी. समजा एक गाय 1,200 पौंडांची (साधारण 545 किलो) आणि दुसरी 1,400 पौंडांची. दुसरीला नुसतं जगायला सुमारे 12 टक्के जास्त चारा लागतो. म्हणजे ज्या कुरणावर पहिल्या प्रकारच्या 100 गायी चरतात, तिथे दुसऱ्या प्रकारच्या 89 च मावतात. आणि गाय मोठी असो की लहान, वर्षाला वासरू एकच. मोठ्या गाईचं वासरू त्या 11 वासरांची भरपाई करण्याइतकं जड असेल तरच हिशेब जुळतो. पावसाने दगा दिलेल्या वर्षी तर बहुतेकदा जुळत नाहीच.

(जाता जाता: उष्ण भागांसाठी अमेरिकेने घडवलेली ब्राह्मण जात मूळ भारतीय गुरांपासून आली. त्यात आपल्या कृष्णा खोऱ्यातल्या जातीचंही रक्त आहे.)

मोठ्या जनावरांनी इतकी वर्षं घटती संख्या झाकून नेली. आता ते जमेना. नोव्हेंबर 2025 मध्ये टायसन कंपनीने नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनचा कत्तलखाना बंद करायचं जाहीर केलं. जेमतेम 11 हजार वस्तीच्या गावातल्या सुमारे 3,200 नोकऱ्यांचा हा प्रश्न होता.

कळप वाढवायचा तर कालवडी न विकता राखाव्या लागतील. पण आज राखलेल्या कालवडीच्या वासराचं मांस बाजारात यायला तीनेक वर्षं जातात, आणि भाव तर आजच चढा आहे. त्यामुळे बरेच शेतकरी कालवड विकून मोकळे होतायत.