एकवीस माणसे आणि एक सिरिल

सुरुवातीलाच सांगून टाकतो, या लेखात कादंबरीचा शेवट फोडलेला आहे. अगाथा ख्रिस्तीची 'अँड देन देअर वेअर नन' ज्यांनी अजून वाचली नसेल त्यांनी आधी ती वाचावी आणि मग इकडे यावे. आम्ही काही पळून जात नाही.

ही कादंबरी आमची लाडकी आहे, हे काही सहकाऱ्यांना खटकते. चळवळीतल्या माणसाने इंग्रज बाईच्या खूनकथा काय वाचत बसायच्या, असे ते म्हणतात. त्यांना आमचे उत्तर एवढेच की वसतिगृहात असताना आम्ही तिघांनी ही कादंबरी एकाच रात्री, पाने फाडून वाटून घेत वाचली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याची किंमत मोजली होती. प्रत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरची, पाठीचा पुठ्ठा सुटलेली. तिच्यावर जुने नाव होते. 1939 साली ही कादंबरी इंग्लंडात ज्या नावाने निघाली त्या नावातच काळ्या माणसांना दिली जाणारी शिवी होती. अमेरिकेत 1940 साली ती नव्या नावानेच छापली गेली. ब्रिटनमध्ये मात्र जुने नाव 1985 पर्यंत चालू राहिले. त्या शब्दाचा अर्थ आम्ही शब्दकोशात पाहिला. शब्दकोशाची तशी गरज नव्हती. एका समाजाचे नाव दुसऱ्याच्या तोंडी शिवी कसे होते हे गावात आम्ही रोज ऐकत होतो. पोरगे मळके दिसले की आमच्या जातीचे नाव घेऊन त्याला हाका मारत, मग ते पोरगे कोणाचेही असो.

तरीही पुस्तक फेकवले नाही. त्याचे कारण त्यातल्या गुन्ह्यांत आहे.

दहा माणसे एका बेटावर बोलावली जातात. जेवणानंतर ग्रामोफोनची तबकडी वाजते आणि एकेकावर मृत्यूचा आरोप ठेवते. हे सगळे मृत्यू असे, की कायद्याला तिथे बोटही ठेवता येत नाही. पुढे एकेक जण मरत जातो. शेवटी बाटलीतून सापडलेल्या कबुलीजबाबातून कळते की हे सारे निवृत्त न्यायाधीश वॉरग्रेव्हने घडवले. ही कल्पना त्याला एका डॉक्टरच्या सहज बोलण्यातून सुचली. एका म्हाताऱ्या मालकिणीला हृदयविकाराचा झटका आला आणि नोकर जोडप्याने, रॉजर्स नवराबायकोने, तिला औषध दिलेच नाही. विष घातले नाही, गळा दाबला नाही, फक्त औषध दिले नाही. कोणत्या कलमाखाली धरणार?

बाकीचेही बहुतेक त्याच जातकुळीतले. जनरल मॅकआर्थरने बायकोच्या प्रियकराला मरण नक्की असलेल्या कामगिरीवर पाठवले, आणि युद्धात माणसे मरतातच. पोलीस अधिकारी ब्लोरने खोटी साक्ष दिली, त्या साक्षीवर लँडरला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगात मेला. धर्मभीरू एमिली ब्रेंटने गरोदर मोलकरणीला घराबाहेर काढले, पोरीने नदी जवळ केली, आणि बाईंच्या प्रार्थनेत कधी खंड पडला नाही. व्हेरा नावाच्या शिक्षिकेने सिरिल या लहान मुलाला समुद्रातल्या खडकापर्यंत पोहायची परवानगी दिली. हात कोणाचाच लागला नाही.

आम्हाला हे परदेशातले वाटलेच नाही. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल 1930 चा आहे. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितले की गाव काय करते, ते त्यात लिहिले आहे: शेतावरून काढायचे, मजुरी बंद करायची, रोजच्या वाटा बंद करायच्या, वाण्याने सामान विकायचे नाही. काठी उगारायची गरज नाही. लेकरे उपाशी राहिली तर भुकेवर खटला कोण भरणार? ख्रिस्तीबाईंना आमचे गाव माहीत असण्याचे कारण नव्हते, पण हात न लावता मारण्याची विद्या त्यांना नेमकी समजली होती.

आता मालिकेकडे येऊ. बीबीसीने 2015 साली 26 ते 28 डिसेंबर अशा तीन रात्री ती दाखवली. पटकथा सॅरा फेल्प्स यांची, दिग्दर्शन क्रेग विव्हेरॉस यांचे. आम्ही ती बऱ्याच उशिरा पाहिली, अभ्यासवर्गातले पाच जण एका लॅपटॉपला चिकटून. पहिले तास-दीड तास आम्ही नुसते खूश होतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. चार्ल्स डान्सने वॉरग्रेव्ह असा उभा केला आहे की तो पाणी प्यायला तरी निकाल देतोय असे वाटते. आणि शेवट! या कादंबरीच्या चाहत्यांचे जुने दुखणे म्हणजे तिचा शेवट. खुद्द ख्रिस्तीबाईंनीच 1943 च्या नाटकात तो बदलला, व्हेरा आणि लोम्बार्ड यांना निर्दोष ठरवून जिवंत ठेवले आणि त्यांची जोडी जमवली. 1945 च्या रेने क्लेअरच्या चित्रपटापासून पुढचे इंग्रजी चित्रपट त्याच वाटेने गेले. (आपल्याकडचा 1965 चा 'गुमनाम', राजा नवाथे यांचा, याच कथेवरून ढोबळ उचललेला. त्यात मेहमूद नोकर झाला आहे आणि त्याच्या काळ्या रंगावर एक अख्खे गाणे आहे. सगळे थिएटर हसायचे. आम्हीही हसलो आहोत.) बीबीसीने मात्र दहाच्या दहा मारले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणखी एक गोष्ट मालिकेने सांभाळली, त्याबद्दल तिला पूर्ण गुण. रॉजर्सची बायको मरते. तिचे प्रेत वर खोलीत आहे आणि नवरा खाली पाहुण्यांच्या सरबराईत आहे. पाहुणे खुनाच्या संशयाने एकमेकांकडे बघताहेत, पण जेवण वेळेवर आले पाहिजे, याबद्दल कोणालाही शंका नाही. लाकडे फोडायलाही तोच जातो, आणि तिथेच मरतो. ज्यांच्या आयांनी घरी मयत असताना मालकाच्या घरची भांडी घासली आहेत, त्यांना इथे वेगळ्या भाष्याची गरज पडणार नाही.

आमची तक्रार पुढे आहे. मालिकेने गुन्ह्यांना हात जोडून दिले.

कादंबरीतला रॉजर्स औषध देत नाही. मालिकेतला रॉजर्स मालकिणीच्या तोंडावर उशी दाबतो. कादंबरीतला जनरल मरणाच्या कामगिरीवर पाठवतो, मालिकेतला स्वतः मागून गोळी घालतो. कादंबरीतला ब्लोर न्यायालयात उभा राहून शपथेवर खोटे बोलतो, मालिकेतला कोठडीत शिरून एका समलिंगी तरुणाला बुटांनी तुडवून मारतो. लँडरला समलिंगी करून पोलिसांचा तो द्वेष दाखवला, यामागचा हेतू आम्हाला कळतो आणि पटतोही. कोठडीत काय चालते हे आम्हाला कोणी सांगायला नको. पण बदलात काय गेले तेही बघा. साक्ष गेली, पंचनामा गेला, निकालपत्र गेले. एक अधिकारी खोटे बोलतो आणि अख्खी न्यायसंस्था ते खोटे खरे मानून माणूस गिळते, ही गोष्ट गेली. उरला एक रानटी माणूस आणि त्याचे बूट. रानटी माणसाचा निषेध करणे सोपे असते. त्यात बघणाऱ्याचे काहीच जात नाही, कारण तो कधी कोणाला तुडवत नाही.

सगळ्यात जास्त खटकला तो व्हेराचा शेवट. कादंबरीत ती एकटीच खोलीत येते. दोर टांगलेला आहे, खाली खुर्ची आहे, समुद्राचा वास आहे. तिला कोणी ढकलत नाही, कोणी बोलत नाही. न्यायाधीश कपाटाच्या सावलीत उभा राहून फक्त बघतो. त्याने खोली तयार करून ठेवली आहे, बाकीचे आपोआप होईल हे त्याला माहीत आहे. मालिकेत तो आत येतो, तिच्याशी बोलतो आणि खुर्ची ओढतो. प्रसंग थरारक आहे, पण मारणारा हात पुन्हा दिसला.

ही मालिका दाखवली गेली त्यानंतर तीन आठवड्यांनी, 17 जानेवारी 2016 रोजी, हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. गैरसमज नको. व्हेरा गुन्हेगार होती, रोहितने कोणाचे काही वाईट केले नव्हते. माणसांची तुलना इथे होऊच शकत नाही. आम्ही बोलतोय ते खोलीबद्दल. विद्यावेतन अडकलेले, वसतिगृहातून बाहेर काढलेले, आवारातच उघड्यावर मुक्काम. चळवळीने त्याला संस्थात्मक हत्या म्हटले तेव्हा समोरून प्रश्न आला की खुनी कोण, नाव सांगा. ज्यांनी कादंबरी नीट वाचली आहे ते हा प्रश्न विचारणार नाहीत. ज्यांनी फक्त मालिका पाहिली आहे ते मात्र खुर्ची ओढणारा हात शोधत बसतील, आणि तो सापडला नाही की फाईल बंद करतील.

आता त्या एकवीस माणसांबद्दल. इथे आमचे भांडण मालिकेशी कमी आणि आमच्या लाडक्या पुस्तकाशीच जास्त आहे. लोम्बार्ड हा भाडोत्री साहसवीर. पूर्व आफ्रिकेतल्या एका जमातीची एकवीस माणसे त्याने जंगलात अन्नाविना सोडली आणि स्वतः अन्न घेऊन निघून गेला. आरोप मान्य करताना त्याला काहीच वाटत नाही, मरणाचे त्या लोकांना युरोपियनांइतके दुःख नसते अशी त्याची समजूत आहे. मालिकेत त्याने हिऱ्यांसाठी मारले असे केले आहे, म्हणजे इथेही हात जोडला. पण तबकडी नीट ऐका. प्रत्येक आरोपात मृताचे नाव आहे. सिरिल हॅमिल्टन, एडवर्ड सेटन, जेम्स लँडर, मोलकरीण बिअॅट्रिस टेलरसुद्धा. एकवीस आफ्रिकनांचा मात्र फक्त आकडा. नाव एकाचेही नाही, 1939 मध्ये नाही आणि 2015 मध्येही नाही.

आणि कबुलीजबाबात न्यायाधीश सांगतो की ज्याचा गुन्हा हलका त्याला आधी मारले, ज्याचा भारी त्याला भीतीत जास्त काळ ठेवले. शेवटून दुसरा लोम्बार्ड, सर्वांत शेवटी व्हेरा. म्हणजे या तराजूत एकवीस काळी माणसे एका पारड्यात आणि एक सिरिल दुसऱ्यात घातला, तर सिरिल जड. मुलाच्या खुनाचा संताप आम्हालाही आहे, आणि व्हेराला शेवटपर्यंत ठेवण्यात न्यायाधीशाचा मानसिक प्रयोगही होता, हे मान्य. तरीही हिशेब असाच निघतो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध असमानता म्हटले ती जिवंत माणसांपुरती नसते. मेलेल्यांचीही उतरंड लागते.

मालिकेने बेटाचे नाव, बाहुल्यांचे नाव, सगळे बदलून 'सोल्जर' केले. बरोबरच केले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि आम्ही त्याचे स्वागतच केले. पाटी बदलली. नळ त्या पाटीच्या अलीकडे थांबतो की पलीकडे जातो, हे ज्याने त्याने आपापल्या गावात जाऊन बघावे.

राहिला न्यायाधीश. वसतिगृहात आम्हाला तो नायक वाटला होता. कायद्यातून सुटलेल्यांना कोणीतरी गाठले, याचा आनंद अठराव्या वर्षी फार मोठा असतो. आज वाचताना दिसते की त्याला मेलेल्यांशी काही देणेघेणे नव्हते. मारण्याची हौस लहानपणापासून होती, तीही त्याने कबूल केली आहे. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात घटनेचा मार्ग खुला असताना रक्तरंजित मार्ग सोडून द्यायला सांगितले, ते कोणी भित्रेपणा समजू नये. वॉरग्रेव्हचे बेट दहा माणसांत संपते. कायदा पुढच्यालाही लागू होतो. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कर्तव्यात हयगय करणाऱ्या लोकसेवकावर स्वतंत्र कलम आहे. त्याच कायद्याची सुधारणा 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली आणि सामाजिक, आर्थिक बहिष्कार त्यात गुन्हा म्हणून नोंदला गेला. स्टार्ट समितीच्या अहवालापासून शहाऐंशी वर्षांनी! उशीर भयंकर आहे, पण न लागलेल्या हाताला कायद्याच्या भाषेत नाव मिळाले. गटारात गुदमरणाऱ्या कामगारांचे असेच. 2013 चा कायदा आहे, भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर न्यायचा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2023 चा निकाल आहे, आणि तरी बातमीत माणूस 'गॅसने' मरतो. त्याला खाली उतरवणाऱ्याचे नाव शेवटच्या ओळीतही येत नाही.

मालिका संपल्यावर आमच्यातल्या एकाने पटकथेची बाजू घेतली. म्हणाला, पडद्यावर काहीतरी दाखवावे लागते, न केलेली गोष्ट कॅमेरा कशी दाखवणार? आम्ही रात्री दोनपर्यंत भांडलो. आमचे म्हणणे असे की दाखवता येते. कपाटात औषधाची बाटली आहे, पलंगावर म्हातारी आहे, दारात रॉजर्स उभा आहे. तो हलत नाही. कॅमेरा तिथून काढायचा नाही, ती थांबेपर्यंत.