मुक्कामातले स्वयंपाकघर

दुबईत व्यापारानिमित्त महिनाभर राहावे लागले, तर अनेक कुटुंबे देरा किंवा बर दुबई भागातील ‘हॉटेल अपार्टमेंट’ पसंत करतात. स्वतःचे स्वयंपाकघर, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र हाताशी असते आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन हॉटेलच्या वेळांवर अवलंबून राहत नाही. महिन्याच्या बोलीवर भाडेही उतरते. ‘टुरिझम दिरहम’ हे शुल्क मात्र येथेही चुकत नाही. दर्जानुसार खोलीमागे दर रात्री ७ ते २० दिरहम. अनामत रक्कम घेतली जात असेल, तर ती केव्हा परत मिळणार हे लेखी घेतलेले बरे.

हा सारा हिशेब व्यापारी चोख मांडतो. त्याच्या खतावणीत एक नोंद तेवढी राहून जाते. साफसफाई रोज होईलच असे नाही, भांडी घासायला कोणी येत नाही. यजमान बाजारात आणि गृहिणी परक्या शहरातही ओट्यापाशीच. म्हणून चार-सहा दिवसांसाठी साधे हॉटेलच बरे. दीर्घ मुक्काम अटळ असेल, तर जागा ठरविण्यापूर्वी तिला विचारावे. शिवाय तेथील भांड्यांत आधी काय शिजले असेल, याची खात्री कोण देणार? तवा, कढई, कुकर घरूनच न्यावेत; शेगडी बहुधा विजेची असते, तेव्हा सपाट बुडाचेच.