३५ दिवसांनंतर

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला माणूस पहिले काही आठवडे घरच्यांना नवा वाटतो. वेळेवर जेवतो, मुलांशी बोलतो, पगार घरात देतो. मग गटारी येते, कुणाची वरात निघते किंवा साहेबांशी खटका उडतो आणि पेला पुन्हा हातात येतो. ‘एवढा खर्च करून उपयोग काय झाला?’ असे घरचे विचारतात. त्याआधी विचारायला हवे ते वेगळेच : घरी आल्यानंतर तो व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या आठवड्याच्या बैठकीला जात होता का? आणि अशी बैठक आपल्या भागात भरते का, याची चौकशी कुणी केली होती का?

पुण्याला हा विषय नवा नाही. गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) व्यसनावरील अनिल अवचट यांचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची घडी बसवली मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. पण मुक्तांगणने ३५व्या दिवशी हात झटकले नाहीत. व्यसनातून बाहेर पडलेलेच तिथे कार्यकर्ते झाले, घरी गेलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या सभा सुरू झाल्या आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट उभा राहिला. उपचार केंद्रात सुरू होतो आणि गटात टिकतो, हे या शहरात चार दशकांपूर्वीच ओळखले गेले होते.

याला कारण आहे. दारूचा अंमल शरीरातून जायला काही दिवस पुरतात. पण संध्याकाळी सातची तलफ, जुने मित्र आणि कामावरून घरी येतानाचा तो ठरलेला कोपरा जागेवरच असतो. आपल्याकडे मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात, कुणी पंढरपूरला जाऊन माळ घालतात. माळेने अनेकांना तारले आहे, कारण माळेबरोबर वारी येते आणि वारीत संगत असते. नुसती शपथ मात्र माणसाला एकटे पाडते. ती मोडली की शरमेपोटी तो अधिकच पितो.

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे एए, ही चळवळ या संगतीवरच उभी आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांना आधार देऊ लागले. १९५७ मध्ये ही चळवळ भारतात आली. आज पुण्यातही तिच्या बैठका भरतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला धास्ती असते ती ओळखीचे कुणी भेटेल याची. तिथे आडनाव, जात, हुद्दा विचारत नाहीत आणि फीही नसते. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. एकेक जण आपला अनुभव सांगतो, त्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. नवख्याने नुसते ऐकले तरी चालते. ‘खुल्या’ बैठकीला घरचेही येऊ शकतात, ‘बंद’ बैठक फक्त पिणाऱ्यांसाठी. घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हे वेगळे गट आहेत. पिणारा स्वतः कुठेच जायला तयार नसला, तरी पत्नीने किंवा आईने तिथे जायला हरकत नाही.

याचा उपयोग होतो का? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या कसोटीवर, एएकडे नेणारे पद्धतशीर कार्यक्रम इतर मान्यताप्राप्त उपचारांपेक्षा सरस ठरले. तरीही बैठक ही डॉक्टरची जागा घेत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडण्याआधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक. ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पुड्या जेवणात मिसळणे धोक्याचे आहे. एएतला ईश्वराचा उल्लेख काहींना रुचत नाही, पुरुषांनी भरलेल्या खोलीत स्त्रीला अवघडल्यासारखे होते. अशांनी दुसरा गट पाहावा, समुपदेशकाला विचारावे. पहिली बैठक आवडली नाही, एवढ्यावरून दार लावून घेऊ नये.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा २०१९ मधील अहवाल सांगतो की, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळतो. खाटा वाढवून ही दरी भरायला वर्षे लागतील. गटाला मात्र एक खोली, काही खुर्च्या आणि ठरलेली वेळ पुरते. महापालिकेने संध्याकाळी रिकामे असणारे शाळांचे वर्ग यासाठी द्यावेत. डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीवरच जवळच्या बैठकीचा वार आणि वेळ लिहावी. मालकांनी त्या संध्याकाळी कामगाराला तासभर आधी सोडावे. दारूपायी होणाऱ्या खाड्यांपेक्षा ते स्वस्त पडेल.

ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे, त्यांनी १४४४६ या राष्ट्रीय मोफत मदतवाहिनीवर फोन करावा किंवा जवळच्या केंद्रात बैठकीची चौकशी करावी. पहिल्या दिवशी सोबत जावे, दारापर्यंत पोहोचवावे. दारू पुन्हा प्यायली गेली, तर पुढच्या बैठकीला त्याला आवर्जून पाठवावे. त्या दिवशी त्याला गटाची सर्वांत जास्त गरज असते.